कामेहामेहा प्रारंभिक शिक्षण कार्यक्रम

कामेहामेहा प्रारंभिक शिक्षण कार्यक्रम (इंग्लिश आद्याक्षरांवरून रूढ झालेले संक्षिप्त नाव: कीप) हा अमेरिकेच्या हवाई राज्यात मूळ हवाईयन वंशाच्या मुलांना इंग्लिश वाचन शिकवण्यासाठी राबवलेला संशोधन व अध्यापन प्रकल्प होता. १९७०च्या दशकाच्या आरंभी होनोलुलू येथे तो सुरू झाला आणि १९९०च्या दशकाच्या मध्यास बंद झाला. मुले घरी व वस्तीत ज्या रीतीने बोलतात, काम करतात आणि एकमेकांकडून शिकतात, तिचा अभ्यास करून वर्गातील अध्यापनाची रचना बदलणे हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य होते. १९८३ मध्ये हीच रचना ॲरिझोना राज्यातील नाव्हाहो मुलांच्या वर्गात वापरून पाहण्यात आली. तेथे तिचे काही भाग टिकले, तर काही निरुपयोगी ठरले. संस्कृती-अनुरूप अध्यापनाच्या चर्चेत कीपचे नाव आजही घेतले जाते ते मुख्यतः या दोन प्रयोगांच्या तुलनेमुळे.

पार्श्वभूमी

हवाईचे राज्य १८९३ मध्ये उलथवण्यात आले, १८९८ मध्ये ही बेटे अमेरिकेत विलीन झाली आणि १९५९ मध्ये त्यांना राज्याचा दर्जा मिळाला. दरम्यान १८९६च्या कायद्याने इंग्लिश हे शाळांतील शिक्षणाचे माध्यम ठरले. पुढील दोन-तीन पिढ्यांत हवाईयन भाषा घराघरांतून मागे पडली. मळ्यांवर काम करण्यासाठी चीन, जपान, पोर्तुगाल, फिलिपिन्स इत्यादी देशांतून आलेले मजूर आणि स्थानिक लोक यांच्या व्यवहारातून तयार झालेली हवाई क्रिओल इंग्लिश (स्थानिक नाव 'पिजिन') ही बहुसंख्य मुलांची बोली बनली. शाळेने या बोलीकडे बिघडलेली इंग्लिश म्हणूनच पाहिले.

१९६०च्या दशकापर्यंत हवाईयन मुलांची शाळेतील स्थिती शोचनीय होती. प्रमाणित वाचन चाचण्यांत ती राज्यातील इतर गटांच्या मागे असत. शिक्षकांच्या दृष्टीने ही मुले आळशी, लक्ष न देणारी आणि विचारल्यावर तोंड न उघडणारी होती. याच सुमारास मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड गॅलिमोर व मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन बॉग्ज यांनी ओआहू बेटावरील एका हवाईयन वस्तीत दीर्घ क्षेत्रकार्य केले. त्यांना दिसलेले चित्र वेगळे होते. वर्गात मुकी राहणारी मुले घरी धाकट्या भावंडांना सांभाळत, स्वयंपाकघरात व अंगणात जबाबदारीची कामे करत आणि आपसात अखंड बोलत. त्यामुळे प्रश्न मुलांच्या क्षमतेकडून शाळेच्या रचनेकडे वळला. बॉग्ज, गॅलिमोर आणि कॅथी जॉर्डन यांचे या क्षेत्रकार्यावरील पुस्तक १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रकल्पाला आर्थिक आधार कामेहामेहा शाळांचा होता. राजा पहिला कामेहामेहा याची पणती बर्निस पौआही बिशप (१८३१–१८८४) हिच्या मृत्युपत्रानुसार १८८७ मध्ये या शाळा स्थापन झाल्या. तिने मागे ठेवलेल्या जमिनींचा विश्वस्त निधी हवाईतील सर्वांत मोठ्या खासगी जमीनधारकांपैकी एक आहे. मात्र या शाळांत प्रवेश मिळणारी मुले थोडी, बहुसंख्य हवाईयन मुले सरकारी शाळांतच शिकत. त्यांच्यासाठी काय करता येईल, या विचारातून कीपचा जन्म झाला.

प्रयोगशाळा शाळा

१९७२ मध्ये होनोलुलू येथे बालवाडी ते तिसरीपर्यंतची एक छोटी प्रयोगशाळा शाळा उघडण्यात आली. मानसशास्त्रज्ञ रोलंड थार्प आणि गॅलिमोर हे प्रकल्पाचे प्रमुख होते. त्यांच्यासोबत जॉर्डन यांच्यासारखे मानववंशशास्त्रज्ञ, भाषाभ्यासक आणि वर्गशिक्षक एकत्र काम करत. एकच शाळा असल्याने रोजच्या तासाचे निरीक्षण, चित्रण आणि फेरफार शक्य होते. शिक्षक व संशोधक एकाच छताखाली वर्षानुवर्षे राहिल्याचे असे उदाहरण शैक्षणिक संशोधनात क्वचितच आढळते.

पहिली काही वर्षे अपयशाची होती. आरंभी वर्तनवादी मानसशास्त्रावर भर होता. चांगल्या वर्तनाची तत्काळ दखल घेणे, नेमकी प्रशंसा करणे ही तंत्रे वापरली गेली आणि वाचन ध्वनी-अक्षर पद्धतीने शिकवले गेले. तंत्रांचा परिणाम झालाही. मुले शिस्तीने बसू लागली, मन लावून काम करू लागली. वाचन चाचण्यांतील गुण मात्र जवळपास तेथेच राहिले. मुलांना शिकण्याची इच्छा नाही, हे त्या काळचे सर्वाधिक प्रचलित स्पष्टीकरण यामुळे गळून पडले: मुले प्रयत्न करत होती, तरीही वाचू शकत नव्हती.

१९७६च्या सुमारास वाचनाचा अभ्यासक्रमच बदलण्यात आला. ध्वनी-अक्षर सरावाचा वेळ कमी करून बहुतांश वेळ आशयाकलनाला, म्हणजे वाचलेल्या मजकुराचा अर्थ लावण्याला आणि त्यावर बोलण्याला दिला गेला. त्यानंतरच्या वर्षांत प्रयोगशाळा शाळेतील मुलांचे वाचनगुण राष्ट्रीय सरासरीच्या आसपास पोहोचले.

घरातील शिकणे आणि वर्गातील शिकणे

क्षेत्रकार्यातून पुढे आलेला मुख्य मुद्दा असा होता. हवाईयन कुटुंबात मूल चालू-बोलू लागले की त्याची बरीचशी देखभाल मोठ्या भावंडांकडे जाते. मोठी माणसे कामे सांगतात ती बहुधा भावंडांच्या सगळ्या गटाला. ती कोणी कशी करायची हे मुले आपसात ठरवतात. लहान मूल मोठ्या मुलाचे पाहून, त्याच्या शेजारी राहून शिकते आणि अडले तर त्यालाच विचारते. प्रौढाने एखाद्या मुलाला एकट्याला समोर उभे करून प्रश्न विचारण्याचा प्रसंग घरी सहसा येतो तो काही चुकले असेल तेव्हाच.

नेहमीच्या वर्गात याच्या उलट घडते. शिक्षक एकेका मुलाला नाव घेऊन उभे करतात. उत्तर देणारा एक आणि ऐकणारे बाकीचे. शेजाऱ्याला विचारणे म्हणजे नक्कल. हवाईयन मुलाला हा प्रश्न शिकवण्याचा भाग न वाटता झाडाझडतीसारखा वाटत असे. मग ते मान खाली घालून गप्प बसे किंवा एक-दोन शब्दांत उत्तर उरकून टाके. मदत मागायला ते शिक्षकाऐवजी मित्राकडे वळे, आणि त्याबद्दल बोलणी खात असे.

वर्गातील बोलण्याच्या अलिखित नियमांचा हा विचार सर्वस्वी नवा नव्हता. सुसान फिलिप्स यांनी १९७२ मध्ये ओरेगन राज्यातील वॉर्म स्प्रिंग्स आदिवासी राखीव क्षेत्रातील मुलांबाबत असेच निरीक्षण मांडले होते. कोणी, केव्हा, कोणासमोर बोलायचे याची जी व्यवस्था असते तिला त्यांनी 'सहभाग-रचना' म्हटले. कीपमध्ये या संकल्पनेचा उपयोग निदानापुरता न राहता तासाची आखणी करण्यासाठी झाला.

टॉक-स्टोरी आणि वाचनाचा तास

'टॉक-स्टोरी' हा हवाईतील गप्पांचा एक ओळखीचा प्रकार आहे. यात एखादा प्रसंग एकटा माणूस सांगत नाही. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने तपशील घालायचा, तिसऱ्याने वाक्य पुरे करायचे, मध्येच दोघांनी एकदम बोलायचे, अशी ती सामायिक कथा पुढे सरकते. मध्ये बोलणे येथे उद्धटपणा मानला जात नाही. ऐकणारा गोष्टीत गुंतला आहे याची ती खूण असते. गोष्ट सर्वांची होणे महत्त्वाचे, एकाने चमकून दिसणे नव्हे.

कीपच्या शिक्षिका व संशोधक कॅथरिन आउ यांनी वाचनतासांच्या चित्रफितींचे बारकाईने विश्लेषण केले. यशस्वी तासांत मुलांचे बोलणे टॉक-स्टोरीशी मिळतेजुळते असल्याचे त्यांनी १९८० मध्ये दाखवून दिले. शिक्षिका प्रश्न सर्वांना उद्देशून विचारत असे, मुले हात वर न करता बोलत, एकमेकांच्या उत्तरांवर उत्तरे रचत, आणि एकाच वेळी दोन-तीन आवाज उठले तरी शिक्षिका थांबवत नसे. यासाठी आउ यांनी वापरलेली पद्धत 'अनुभव–मजकूर–संबंध' या नावाने ओळखली जाते. समजा, गोष्ट बेडूक पकडणाऱ्या मुलाची आहे. शिक्षिका प्रथम मुलांच्या बेडकांविषयीच्या अनुभवावर गप्पा सुरू करते. मग गोष्टीचा थोडासा भाग विशिष्ट प्रश्न मनात ठेवून मूकवाचनाने वाचला जातो आणि त्यावर बोलणे होते. असे तुकड्यातुकड्याने पुढे जाता येते. अखेरीस मुलांचा अनुभव आणि गोष्टीतील घटना यांची सांगड घातली जाते. पाच-सहा मुलांच्या गटासोबतचा हा तास साधारण २० मिनिटांचा असे.

या तासाला मोकळ्या गप्पा समजणे चूक ठरेल. आउ आणि जाना मेसन यांनी १९८१ मध्ये दोन शिक्षिकांच्या तासांची तुलना प्रसिद्ध केली. एकीला हवाईयन मुलांना शिकवण्याचा अनुभव होता, दुसरीला जवळपास नव्हता. दुसरी शिक्षिका एकेका मुलाला पाळी देण्याचा आग्रह धरत असे आणि तिचा बराच वेळ मुलांना आवरण्यात जाई. पहिली शिक्षिका कोणी केव्हा बोलायचे हे मुलांवर सोडत असे, पण कशाविषयी बोलायचे हे सूत्र तिने हातचे जाऊ दिले नाही. तिच्या तासात मुले मजकुराशी संबंधित अधिक बोलली आणि तर्काने काढलेले निष्कर्षही अधिक मांडले गेले. या विभागणीला लेखिकांनी 'हक्कांचा समतोल' असे नाव दिले.

टॉक-स्टोरी वर्गात जशीच्या तशी उचलून आणलेली नव्हती, ही गोष्ट प्रकल्पावरील लोकप्रिय लेखनात अनेकदा निसटते. अंगणातील टॉक-स्टोरीत प्रश्न विचारणारा प्रौढ नसतो, पुस्तक नसते आणि निष्कर्षाकडे नेण्याची घाईही नसते. वर्गातील रूप हे संकरित होते. जॉर्डन यांनी या भूमिकेला 'किमान बदलाचे तत्त्व' असे म्हटले आहे: शाळेने घराची प्रतिकृती व्हायचे नाही, तर शिकणे सुरू होण्यासाठी शाळेच्या नेहमीच्या पद्धतीत जेवढा बदल अत्यावश्यक असेल तेवढाच करायचा. हवाईयन चित्रे, सण किंवा दंतकथा यांना या आखणीत दुय्यम स्थान होते. मुले तीच सर्वसाधारण इंग्लिश पुस्तके वाचत होती.

एक गट शिक्षिकेसोबत वाचत असताना उर्वरित मुले वर्गातील निरनिराळ्या 'केंद्रांवर' चार-पाच जणांच्या मिश्र गटांत स्वतंत्रपणे काम करत. प्रत्येकाचे काम त्याचे त्याने करायचे असले तरी एकमेकांना विचारण्यास व दाखवण्यास मुभा होती. हवाईयन मुलांनी या मुभेचा भरपूर उपयोग केला. भावंडांच्या गटातील सवय येथे कामी आली.

रफ रॉक येथील प्रयोग

कीपच्या यशाचे दोन अर्थ लावता येत होते. एक, ही रचना हवाईयन संस्कृतीशी जुळल्यामुळे यशस्वी झाली. दुसरा, ती मुळात चांगली अध्यापनपद्धती असून कोणत्याही मुलांसोबत यशस्वी झाली असती. एकाच समाजात काम करून हा गुंता सुटण्यासारखा नव्हता. म्हणून १९८३ मध्ये ॲरिझोनातील रफ रॉक येथील शाळेत तिसरीच्या एका वर्गात कीपची रचना नेण्यात आली. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही शाळा नाव्हाहो समाजाच्या स्वतःच्या नियंत्रणाखाली चालणारी असल्याने अमेरिकेतील आदिवासी शिक्षणाच्या इतिहासात तिचे स्वतंत्र स्थान आहे. लिन व्होट, जॉर्डन आणि थार्प यांनी या प्रयोगाचा वृत्तांत १९८७ मध्ये प्रसिद्ध केला.

केंद्रांवरील गट प्रथम हवाईप्रमाणेच, मुलगे व मुली एकत्र घेऊन बनवण्यात आले. मुले शेजारी बसून आपापले काम करत राहिली. मदतीची देवघेव झालीच नाही. नाव्हाहो समाजात या वयापासून मुलगे आणि मुली यांचे वावर वेगळे होऊ लागतात. शिवाय मेंढरे राखण्यासारखी कामे मूल बऱ्याचदा एकट्याने करते, त्यामुळे स्वावलंबन त्याच्या अंगवळणी पडलेले असते. एकाच लिंगाच्या दोन-तीन मुलांचे छोटे गट केल्यावर बोलणे आणि मदत सुरू झाली.

वाचनाच्या तासात फरक अधिक ठळक होता. नाव्हाहो मुले एकमेकांच्या वाक्यात शिरली नाहीत. एक मूल बोलू लागले की ते बराच वेळ बोले, बाकीची शांतपणे ऐकत, आणि ते थांबल्यावरही लगेच कोणी तोंड उघडत नसे. ही शांतता नाव्हाहो संभाषणात बोलण्याइतकीच अर्थपूर्ण असते. बोलणाऱ्याचे संपले नसण्याची शक्यता गृहीत धरणे हा तेथील शिष्टाचार आहे. बाहेरून आलेल्या शिक्षकाला ती रिकामी वाटते आणि तो पुढचा प्रश्न टाकून मोकळा होतो. म्हणजे मुलाचे बोलणे तोडतो. हवाईत मध्ये बोलणाऱ्या मुलाला थांबवणारा शिक्षक अपयशी ठरत होता, रफ रॉकमध्ये स्वतः मध्ये बोलणारा शिक्षक.

गोष्ट तुकड्यातुकड्याने वाचून चर्चा करण्याची पद्धतही अडखळली. गोष्टीचा शेवट ठाऊक नसताना तिच्याविषयी बोलायचे कसे, असा तेथील दृष्टिकोन होता आणि आधी सबंध गोष्ट वाचू द्या अशी मागणी मुलांनी केली. शिस्तीच्या बाबतीतही तसेच घडले. हवाईत उबदार पण ठाम, सरळ बोलणारा शिक्षक मुलांना मानवत असे. नाव्हाहो वर्गात मुलाला चारचौघांत रागावणे किंवा उघडपणे कौतुकाने उचलून धरणे, दोन्ही संकोचाचे कारण बनले.

आशयाकलनावरील भर, मुलांच्या अनुभवापासून सुरुवात आणि शिक्षकासोबत लहान गटातील चर्चा हे घटक मात्र दोन्ही ठिकाणी उपयुक्त ठरले. थार्प यांनी पुढे १९८९ मध्ये याच आधारे अध्यापनातील 'स्थिर' व 'बदलते' घटक असा भेद मांडला. 'आदिवासी मुलांसाठी अध्यापन' अशी एकच सरसकट कृती तयार करण्याच्या कल्पनेला रफ रॉकने बसवलेला धक्का हे या प्रयोगाचे सर्वांत टिकाऊ फलित म्हणावे लागेल. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात रफ रॉक येथील नाव्हाहो शिक्षकांनी कीपशी असलेला संबंध राखत इंग्लिश आणि नाव्हाहो या दोन्ही भाषांतील साक्षरतेचा स्वतःचा कार्यक्रम उभारला.

शिक्षकांचे शिक्षण

१९७०च्या दशकाच्या अखेरीपासून कीपची पद्धत हवाईतील सरकारी शाळांत नेण्यात आली. त्यात लवकरच अडचण लक्षात आली: संकल्पना समजावून सांगितल्याने शिक्षक तसे शिकवू लागत नाहीत. विचारलेल्या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर मिळवण्याची सवय झालेल्या शिक्षकाला मुलाच्या अनपेक्षित उत्तरावरून पुढचा प्रश्न घडवणे कठीण जाते. त्यासाठी प्रत्येक शिक्षकासोबत सल्लागार नेमून, तासाच्या चित्रफिती एकत्र पाहून, दीर्घकाळ काम करावे लागले.

थार्प आणि गॅलिमोर यांचे 'राउझिंग माइंड्स टू लाइफ' (१९८८) हे पुस्तक या अनुभवावर आधारलेले आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांच्या 'निकट विकासाचे क्षेत्र' या संकल्पनेचा आधार घेऊन त्यांनी अध्यापनाची व्याख्या 'साहाय्यित कृती' अशी केली, आणि मुलाला जसे साहाय्य लागते तसेच ते शिक्षकालाही लागते, हा मुद्दा मांडला. या पुस्तकासाठी लेखकद्वयास १९९३चे शिक्षणविषयक ग्रॉमायर पारितोषिक मिळाले.

टीका

कीपवरील सर्वांत गंभीर आक्षेप कार्यकारणभावाविषयी आहे. प्रयोगशाळा शाळेत आशयाकलनावरचा भर, लहान गट, निवडक शिक्षक आणि संस्कृतीशी जुळणारी संभाषणशैली हे सारे जवळपास एकत्रच आले. त्यांपैकी यशाचे श्रेय नेमके कशाला, हे वेगळे काढणे अवघड आहे. आउ व मेसन यांची तुलना तर दोनच शिक्षिकांची होती. रफ रॉकच्या प्रयोगाने सांस्कृतिक घटकांचे महत्त्व पुष्ट केले, तरी तोही एकाच वर्गातला प्रयोग होता.

दुसरा आक्षेप मानववंशशास्त्रज्ञ जॉन ओग्बू यांच्या मांडणीतून येतो. घर आणि शाळा यांच्या संस्कृतीतील अंतर हेच अपयशाचे कारण असेल, तर तितकेच किंवा त्याहून मोठे अंतर असलेली काही स्थलांतरितांची मुले शाळेत यशस्वी कशी होतात, असा त्यांचा प्रश्न होता. स्वेच्छेने आलेले अल्पसंख्याक आणि जिंकले गेलेले किंवा गुलाम केले गेलेले अल्पसंख्याक यांच्यात ते भेद करतात. दुसऱ्या गटाला शिक्षणातून काही पदरात पडेल असा विश्वासच उरलेला नसतो, आणि तो विश्वास संभाषणाची शैली बदलून परत येत नाही. रफ रॉकचा वृत्तांत आणि ओग्बू यांचा लेख 'अँथ्रोपोलॉजी अँड एज्युकेशन क्वार्टर्ली' या नियतकालिकाच्या १९८७ मधील एकाच अंकात छापून आले. त्याच अंकात फ्रेडरिक एरिक्सन यांनी दोन्ही बाजूंना जोडणारी भूमिका घेतली: शाळेवरचा विश्वास हा रोजच्या तासांतच कमावला किंवा गमावला जातो, म्हणून वर्गातील संभाषण हेही राजकारणाचेच क्षेत्र आहे.

भाषेचा मुद्दा याहून नाजूक आहे. कीपचे उद्दिष्ट इंग्लिश वाचनाचे होते आणि यशाचे मापही इंग्लिश चाचण्यांचेच. १९७८च्या घटनादुरुस्तीने हवाईयन भाषेला राज्यभाषेचा दर्जा मिळाला आणि १९८४ मध्ये 'पूनाना लेओ' ही हवाईयन माध्यमाची बालवाडी सुरू झाली. या चळवळीने विचारलेला प्रश्न कीपच्या चौकटीत बसत नव्हता: मुलांची बोलण्याची रीत शाळेत यावी हे ठीक, पण शाळेनेच घालवलेल्या भाषेचे काय? किमान बदलाच्या तत्त्वात या प्रश्नाला जागा नाही, हे मान्य करावे लागते.

अखेर आणि पुढील वाटचाल

१९८०च्या दशकाच्या शेवटी प्रकल्पाने आपला अभ्यासक्रम पुन्हा बदलला. मुलांचे स्वतःचे लेखन, संपूर्ण पुस्तकांचे वाचन आणि वर्गातील कामावर आधारित मूल्यमापन यांना प्राधान्य मिळाले. सरकारी शाळांतील निष्पत्ती मात्र प्रयोगशाळा शाळेइतकी एकसारखी राहिली नाही. पद्धत पूर्णपणे अंगीकारणाऱ्या वर्गांत आणि नावापुरती वापरणाऱ्या वर्गांत मोठी तफावत होती. कामेहामेहा शाळांनी आपले अग्रक्रम बदलल्यावर १९९०च्या दशकाच्या मध्यास प्रकल्प थांबवण्यात आला.

थार्प यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ येथील केंद्रात हे काम पुढे नेले. तेथे मांडण्यात आलेल्या अध्यापनाच्या पाच मानकांत सहकार्याने केलेली उत्पादक कृती, सर्व विषयांतून भाषाविकास, मुलांच्या जीवनाशी सांगड, उच्च प्रतीचा विचार आणि अध्यापनात्मक संभाषण यांचा समावेश आहे. आउ यांनी हवाई विद्यापीठात अध्यापन केले आणि २००९–१० या वर्षी त्या आंतरराष्ट्रीय वाचन संघटनेच्या अध्यक्ष होत्या.